चार्ज

हिरामण, ही फाटकाची किल्ली, हे घमेलं, ही पाटी,
आणि ते तिकडे, बाभळीच्या सावलीत, दोघं.
मागे राखाडी दिसतात ती त्यांची पोरं.
काळे आहेत म्हणून दचकू नकोस.
लग्नाला येणारे दचकतात.
परवा नवरीची मावशी म्हणाली, हंस कुठं काळा असतो का,
आणि फोटो सगळे द्राक्षाच्या मांडवाखाली काढायला लावले.

आले त्या दिवशी मालकीणबाईंनी
चांदीच्या वाटीत दूध-पाणी ठेवलं होतं. परीक्षा.
नरानं वाटीत पाय दिला.
तेवढाच काय तो निवाडा.

आता कामाचं ऐक.
कोरडा दाणा अडकतो, मान केवढी लांब आहे बघ,
म्हणून गहू-मका पाटीतल्या पाण्यात बुडवून.
लसूणघास बारीक कापून, कोबीची वरची पानं,
ती गिरणाऱ्याच्या बाजारात शेवटाला फुकट मिळतात.
वाळूचा ढीग कायम असू दे. दात नाहीत त्यांना,
पोटातले खडेच दळतात.
आणि पाव नाही. पाहुण्यांच्या हातातला पाव
हसून काढून घ्यायचा असतो.
मला काढून घेणं जमलं, हसणं नाही.

बागेत फवारणी असली की आधी वारा बघ.
त्र्यंबककडून असेल तर मोरचूद थेट तळ्यावर येतो.
त्या दिवशी सगळ्यांना कोंडायचं, शिव्या खात.
शिव्या म्हणजे फिस्कारणं.
पंखाचा फटका मात्र खरा:
हे मनगट अजून थंडीत बोलतं.

रात्री जाळीचं दार दोनदा ओढून बघ.
बिबट्या उसातून येतो, पोटासाठी येतो.
कुत्री नुसती येतात.

कार्तिकात पाच अंडी दिली तिनं.
दोघं आळीपाळीनं बसायची, नर सुद्धा.
पंपहाऊसच्या भिंतीवर खडूच्या रेघा दिसतील तुला,
सदतीस आहेत. पुसू नकोस.
पाचही फुटली.

आता हे नीट ऐक.
शेततळ्याला प्लास्टिकचा कागद आहे.
कागद पाणी धरतो,
पाय धरत नाही.
मोठी दोघं पंख मारत काठावर चढली,
पिल्लं घसरत राहिली.
मी रविवार कारंजावर, पंपाचं सील आणायला.
दुकानदाराशी भावावरून वाद घालत होतो, दहा रुपयांच्या.
आलो तेव्हा तीन बुडून गेली होती
आणि आई पुन्हा पाण्यात उतरून
उरलेल्या दोघांना पाठीवर घेऊन
गोल, गोल.

ही गोणपाटं त्या रात्री शिवली, तीन उतारांना तीन.
दर सोमवारी ओढून बघ. शेवाळ धरलं की बदल.
बाकी सगळं विसरलास तरी चालेल.

राहता राहिले पंख.
मिटलेले असले की काळेच काळे.
उघडले की टोकाची पिसं पांढरीशुभ्र,
मावशींना दिसली नाहीत ती.
मालक सांगतील, काप. एकाच बाजूची कापायची,
तोल गेला की उडणं आपोआप राहून जातं.
दुखत नाही, नखासारखं असतं. तेही खरंच आहे.
वर्षातून एकदा जुनी गळतात, नवी येतात,
नव्यांच्या देठात रक्त असतं,
ते वाळेपर्यंत कात्री लावायची नाही.

यंदा मी थांबलो.
वाळून आता पंधरवडा झाला असेल.
संध्याकाळी धरणावरून परतीची बदकं जातात, उत्तरेला,
तेव्हा नर मान वर करतो.
ती करत नाही. ती पोरांकडे बघते,
पोरं कधी भरतील याचा हिशेब असावा.

उद्यापासून मी सातपूरला, लेकीकडे.
किल्ली झाली, पाटी झाली, गोणपाट झालं.
कात्री पंपहाऊसमध्ये असेल, बहुतेक.
शोधलीस तर सापडेल.